बुरूजवाल्यांच्या गॅलरीत

चन्नवीर धार काढायला बसला तेव्हा त्याच्या बोटांत एवढा राग होता, की म्हशीनं पान्हा चोरला. तिनं शेपटीचा फटकारा त्याच्या तोंडावर मारला आणि पाय आखडून उभी राहिली. "तू बी बुरूजवाल्यांना सामील हो," असं तिला म्हणून तो उठला आणि बादली बाजूला ठेवून कट्ट्याच्या कडेला जाऊन बसला.

दगडी चौकातला हा दूध कट्टा त्याच्या आज्याचा. आजा नेसरीकडून चार म्हशी हाकत कोल्हापुरात आला आणि चौकात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात देऊ लागला. तेव्हापासूनची एक रीत होती. फुटबॉलच्या मॅचदिवशी सकाळी दगडी चौक तालमीचे खेळाडू कट्ट्यावर यायचे, ओळीनं उभे राहायचे आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास उभ्या उभ्या रिकामा करून जायचे. बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मॅच होती, तेव्हासुद्धा चन्नवीरनं ही रीत मोडली नव्हती.

आज कुणी आलं नाही. येणारही नव्हतं. परवा तालमीच्या बैठकीत त्यानंच दूध बंद केलं होतं.

सात मॅचेस झाल्या होत्या या सीझनला. पाच हरल्या, दोन बरोबरीत. सातवीत तर पाच गोल खाल्ले, तेही नवख्या टीमकडून, जिच्या मागं धड चौक नाही की तालीम नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत माणूस मावत नव्हता. अध्यक्ष अमरसिंह, जो तीस वर्षांपूर्वी स्वतः डाव्या बाजूनं खेळायचा आणि त्या जोरावर अजून सगळ्यांना खेळ शिकवायचा, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "रविवारी बुरूज तालमीबरोबर शेवटची मॅच. हरली की खालच्या गटात. पडू देत. आपल्यातलं चिटपाखरू गॅलरीत दिसता कामा न्हाय. जो जाईल त्यानं परत ह्या तालमीची पायरी चढायची न्हाय."

सगळ्यांनी हात वर केले. सेक्रेटरी गुरुप्रसाद सर, निवृत्त शिक्षक, त्यांनी ठराव बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिला. अक्षर मोत्यासारखं. त्या जोशात चन्नवीर उठला आणि ओरडला, "माझं दूध बी बंद! हरणाऱ्यांसाठी म्हस पाळली न्हाय म्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकसष्ट वर्षांत त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. टाळ्या थांबल्या तेव्हा त्याला दारात उभा असलेला मल्लेश दिसला. मल्लेश टीमचा कॅप्टन, आणि चन्नवीरच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ नेसरीलाच शेती बघत होता. मल्लेशला नवव्या वर्षी शाळेसाठी त्यानं इकडं पाठवलं, ते पोरगं इथलंच झालं. त्यानं काकाकडं बघितलं, चप्पल पायांत सरकवली आणि निघून गेला.

त्याला दोन दिवस झाले. दोन दिवस घरात दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

*

साडेसातला मल्लेश शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून नाइट करून आला. तोंडावर, मानेवर काळी धूळ. अंघोळ करून स्वयंपाकघरात आला तर चन्नवीर आधीच पाटावर बसलेला. मल्लेशनं ताट उचललं आणि दुसऱ्या भिंतीला जाऊन बसला.

"दोड्डव्वा, माझं मोजं कुठं हायत?" त्यानं काकूला विचारलं. सीमेकडच्या घरातल्या रीतीप्रमाणं थोरल्या काकाला तो दोड्डप्पा म्हणायचा आणि काकूला दोड्डव्वा.

"दोरीवर," गौराबाई म्हणाली.

चन्नवीर भाकरीकडं बघत म्हणाला, "त्याला म्हणावं, मोजं कशाला पायजेत? अनवाणी खेळला तरी तेवढंच गोल खाणार हाय."

"तुमच्याम्होरं बसलाय की. तुम्हीच म्हणा."

"मी बोलत न्हाय त्याच्यासंगं. पाचवा गोल खाल्ला तवा दात काढत हुता. ह्या डोळ्यानं बघितलंय. अरं, आमच्या वेळची पोरं हरली की चार दिवस चौकातनं मान खाली घालून जायची."

"रात्रभर लोखंड ओतून आलेलं पोरगं," गौराबाईनं तवा आपटला. "हसंल न्हाय तर काय करंल?"

मल्लेशनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "दोड्डव्वा, सांग त्यांना. बुरूज तालमीचा माणूस आलता. पुढच्या सीझनला आमच्याकडं ये म्हणाला."

चन्नवीरचा घास हातात राहिला. दगडी चौकातून बुरजाकडं जाणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलगी पळून गेली तर लोक वर्षभर बोलतात. हे पिढ्यान् पिढ्या बोलतात.

"मग? तू काय म्हणालास?" विचारलं गौराबाईनं.

"रविवारनंतर सांगतो म्हणालो." मल्लेश आता सरळ काकाकडं बघत होता. "आज आपल्या गॅलरीत एक माणूस जरी दिसला, तर त्याला नाही म्हणून कळवतो. एक. दोन नको मला. आणि गॅलरी रिकामी असली, तर आज संध्याकाळी तालमीत जर्सी ठेवतो आणि जातो."

चन्नवीर न बोलायचं विसरला. "धमकी देतोस? जा की! अडवलंय कुणी? आणि जाताना हे घर बी सोडून जा!"

मल्लेश उठला. दोरीवरचे मोजे काढले, पिशवी खांद्याला लावली आणि अर्धी भाकरी ताटात तशीच टाकून बाहेर पडला. मॅच चारला होती. आत्ता आठही वाजले नव्हते.

गौराबाईनं मल्लेशचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग चन्नवीरच्या ताटात आमटी वाढता वाढता म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवताय. मीठ न्हाय, तिखट न्हाय, पाणीच हाय. पण ताटावरनं उठून शेजारच्या घरी जेवायला गेला व्हय कधी?"

"ते येगळं."

"काय येगळं हाय त्यात?"

चन्नवीरनं ताट सरकवलं.

*

अडीचच्या सुमाराला तो 'वैरण बघून येतो' म्हणून निघाला. रविवारी दुपारी कुठली वैरण, हे गौराबाईनं विचारलं नाही.

मनाशी तो सांगत होता, की आपण त्यांना पडताना बघायला चाललोय. त्यांची जिरलेली बघायची. एवढंच. पण ठराव मोडून गॅलरीत बसणं शक्य नव्हतं. अमरसिंहानं गेटवर कुणीतरी ठेवलं असणार. दगडी चौकाच्या गॅलरीत आज एकटा माणूस बसला, तर तो धान्यातल्या खड्यासारखा साऱ्या स्टेडियमला दिसेल. ज्यानं टाळ्या घेऊन दूध बंद केलं तोच आला, असं लोक वर्षानुवर्षं बोलतील.

पण निघायच्या आधीच त्याला एक युक्ती सुचली होती आणि तिचं त्याला फार कौतुक वाटत होतं. बुरूजवाल्यांच्या गॅलरीत बसायचं. सगळ्या कोल्हापुरात दगडी चौकातला माणूस सापडणार नाही अशी तेवढी एकच जागा होती. रोजची धोतर-टोपी त्यानं घातलीच नव्हती. पुतण्याची जुनी पँट, भाच्याच्या लग्नातला शर्ट, डोक्याला गमछा, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला मोठा काळा चष्मा. आरशात तो स्वतःलाच ओळखू आला नव्हता.

बुरूजवाल्यांची गॅलरी खच्चून भरली होती. केशरी-काळे झेंडे, हलगी, घुमकं, कानठळ्या बसतील असा दणका. चन्नवीर वरून चौथ्या पायरीवर एका कोपऱ्यात अंग चोरून बसला. शेजारी त्याच्याच वयाचा, मिशीवाला, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला माणूस होता.

"पावणं दिसताय," तो म्हणाला. "मी कृष्णात. कुठलं गाव म्हणायचं?"

"वाडी," चन्नवीर बोलून गेला. "नृसिंहवाडी."

"आरं तिच्या! वाडीस्नं मॅच बघायला आलाय? दत्ताचा आशीर्वाद चालत आला की आमच्याकडं. घ्या, शेंगा घ्या."

चन्नवीरनं शेंगा घेतल्या. शत्रूच्या शेंगा हातात घेऊन त्यानं समोर बघितलं.

समोरची दगडी चौकाची गॅलरी पार रिकामी होती. नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या, उन्हानं पांढऱ्याफटक पडलेल्या. एका पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. खालच्या कठड्याशी चार पोलीस, राखायला कुणी नव्हतं म्हणून मोबाइल बघत उभे. लहानपणापासून त्यानं ही गॅलरी आतून बघितली होती. बाहेरून ती कशी दिसते हे त्याला आजच कळलं.

टीम मैदानात आली. जांभळ्या जर्सीतली पोरं रांगेत धावत आली आणि सवयीनं आपल्या गॅलरीकडं वळून हात वर करायला गेली. अर्ध्यात हात खाली आले. मल्लेश एकटा तिथं थांबला. कपाळावर हात धरून त्यानं सगळ्या पायऱ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. मग परत पहिल्या टोकापासून. जत्रेत हरवलेलं पोरगं जसं बघतं तसं.

बुरूजवाले हसले. कुणीतरी ओरडलं, "ये कॅप्टन, तुझा पाव्हणा आलाय की! त्ये बघ, शेपूट हलवतंय!"

हसण्याचा लोट उठला. चन्नवीरच्या हातातल्या शेंगांचा चुरा झाला.

पण कृष्णात हसला नव्हता. त्यानं शेंगांची टरफलं फुंकली आणि म्हणाला, "ह्यात हसण्यासारखं काय हाय? लाज वाटाय पायजे त्या चौकवाल्यांना. आमची टीम सलग पाच वर्षं हरत हुती, पावणं. मी शिव्या देऊन घसा फोडून घेतला. एकदा तर आमच्याच गोलकीपरच्या अंगावर चप्पल फेकली. पण गॅलरी रिकामी ठेवली न्हाय. पोरं तुमची, आणि तुम्ही घरात? ह्याला काय मर्दानगी म्हणत्यात?"

"त्यांचं काय कारण असंल," चन्नवीर पुटपुटला.

"कसलं कारण? जिंकल्यावर गुलाल अंगावर घ्यायचा आणि हरल्यावर खिडकी लावून घ्यायची, हेच कारण. जिंकल्यावर काय, कुत्रं बी नाचतंय."

चन्नवीरला त्याची मिशी उपटावीशी वाटली. आपल्या चौकाबद्दल बुरजाच्या माणसानं बोलावं आणि आपण ऐकून घ्यावं? आणि त्यातून वाईट म्हणजे, एकही शब्द खोटा नसावा?

अकराव्या मिनिटाला बुरजाचा पहिला गोल झाला. गॅलरी उसळली. ओळखलं जाऊ नये म्हणून चन्नवीरलाही उभं राहावं लागलं. आणि उभा राहिला म्हणूनच त्याला ते दिसलं.

खालून तिसऱ्या पायरीवर एक माणूस बसूनच होता. निळी टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंडाला मोटरसायकलवाले बांधतात तसा रुमाल. चेंडू पुन्हा सुरू झाला, बुरजाचा फॉरवर्ड पुढं घुसला, आणि लाइन्समनचं निशाण वर जायच्या आधी त्या माणसाचा डावा हात कोपरापासून ताठ वर गेला. ऑफसाइड. असा हात साऱ्या कोल्हापुरात एकच माणूस वर करतो. तीस वर्षं करत आलाय.

अमरसिंह.

चन्नवीरनं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग तो गॅलरीभर नजर फिरवू लागला. जिन्याजवळ एक सडपातळ गृहस्थ पेपर उघडून तोंडासमोर धरून बसले होते. मॅच चालू असताना पेपर, आणि तो सुद्धा उलटा. गुरुप्रसाद सर. त्यांच्या मागं चौकातला चहावाला, बायकोची ओढणी मानेभोवती गुंडाळून. त्यापलीकडं झेंडेवाला, जो दर मॅचला पहिल्यांदा येऊन कठड्याला जांभळा झेंडा बांधायचा. आज त्याच्या हातात कुणीतरी केशरी झेंडा दिला होता आणि बिचारा तो काठीला उलटा गुंडाळत बसला होता. शिंपी. पिठाच्या गिरणीवाला. दोघं भाऊ, जे एकमेकांपासून तीन पायऱ्या सोडून एकमेकांना न बघता बसले होते.

चौदा. चौदा जण चन्नवीरनं खात्रीनं ओळखले. आणखी दोघांबद्दल शंका होती.

म्हणजे ठराव करणारेच आले होते. कुणालाच घरात बसवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं की इथं आपल्यातलं कुणी नसेल. आणि समोरच्या रिकाम्या गॅलरीकडं मान वर करकरून बघणाऱ्या त्या पोरांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

आधी त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पायाच्या नखापासून राग चढत गेला, आणि या वेळी तो पोरांवर नव्हता, लपून बसलेल्या या सगळ्यांवर होता, स्वतःसकट.

*

हाफटाइमला तो जिना उतरून खालच्या फाटकाशी गेला.

"मला तिकडल्या गॅलरीत जायचंय."

पोलिसानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "न्हाय जमायचं, काका. हिकडचा माणूस तिकडं सोडायचा न्हाय, वरनं ऑर्डर हाय. मागच्या सीझनला डोकी फुटल्यात."

"अहो, तिकडं डोकं हाय कुठं फोडायला? रिकामी हाय गॅलरी."

"मग जाऊन करताय काय तिथं?"

"बसतो."

"हितं काय उभं ऱ्हायलाय व्हय? हितंच बसा. आणि बाहेर पडला तर परत आत येता यायचं न्हाय, तिकीट फाटलं की संपलं."

"मी दगडी चौकाचा हाय," चन्नवीर दबक्या आवाजात म्हणाला.

पोलीस हसला. "तर तर! आणि मी त्यांचा गोलकीपर. जावा, बसा जाग्याला."

परत येताना तो मुद्दाम खालून तिसऱ्या पायरीवरून गेला. अमरसिंहासमोर थांबला, काळा चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. अमरसिंहानं ओळखलं. रुमालाच्या वरचे डोळे आधी मोठे झाले, मग बाजूला वळले. तेवढ्यात बुरजाची टीम मैदानात उतरली. गॅलरीनं टाळ्या वाजवल्या. अमरसिंहानंही वाजवल्या. खोट्या का होईना, दोन वाजवल्या.

चन्नवीर आपल्या जागी येऊन बसला.

दुसऱ्या हाफमध्ये दगडी चौकाची पोरं भूत लागल्यासारखी पळाली, पण अंगात जीव नव्हता. पास कुठं द्यायचा हे कळायच्या आत चेंडू जायचा. पन्नासाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला. मल्लेश स्वतःच्या गोलमधून चेंडू काढून मधल्या रेषेकडं निघाला. दर वेळी हरताना तो पळत चेंडू आणायचा, पंचाच्या हातात कोंबायचा. आज तो चालत होता. चेंडू काखेत, मान खाली. पुन्हा एकदा त्यानं त्या रिकाम्या पायऱ्यांकडं बघितलं, आणि चन्नवीरला दिसलं, की आता तो शोधत नाहीये. तो निरोप घेतोय.

चन्नवीर उठला. पायरीवर नाही, कोपऱ्यातल्या कठड्यावर चढून उभा राहिला. गमछा काढून फेकला.

"ये मल्ल्या! सुक्काळीच्या! पाय हायत का इजेचं खांब? पळ की रं! चालायला काय मयताला आलायस?"

हलगी गपकन थांबली. तीस वर्षं समोरच्या गॅलरीतून ऐकू येणारा आवाज आज आपल्याच मधून आला, हे बुरूजवाल्यांना समजायला क्षणभर लागला. मैदानात मल्लेश थबकला. त्यानं आधी सवयीनं रिकाम्या गॅलरीकडं बघितलं. मग हळूहळू इकडं वळला.

"हिकडं! हिकडं बघ, आंधळ्या! गोल खाऊन ढेकर देतोस व्हय रं? दगडी चौकाची जर्सी हाय ती, पोतं न्हाय! पळ!"

"आरं, ह्यो वाडीचा कुठला!" कुणीतरी किंचाळलं. "चौकातला दूधवाला हाय ह्यो! मारा!"

चारपाच पोरं धावून आली. एकानं पँट ओढली, एकानं पाठीत बुक्की घातली. चन्नवीरनं खाली बघितलं. निळी टोपी, उलटा पेपर, ओढणी. "उठा की रं!" तो ओरडला. "आता तरी उठा! चौदा जण हाय तुम्ही!" एकही डोकं हललं नाही. गुरुप्रसाद सरांनी पेपरचं पान उलटलं.

कृष्णात मधे पडला. दोन्ही हात पसरून त्यानं पोरांना मागं रेटलं. "हात लावायचा न्हाय म्हाताऱ्याला. त्या चौकातला एवढा एकच मर्द हाय, त्याला बी मारताय?" मग चन्नवीरकडं वळून, तेवढ्याच रागानं, "आणि तुम्ही! माझ्या शेंगा खाऊन खोटं बोलताय? चला, खाली उतरा आधी."

पोलिसांनी दोन्ही बाजूंनी दंड धरून त्याला बाहेर काढलं. फाटक मागं बंद झालं. उरलेली मॅच त्यानं भिंतीच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभं राहून कानानं बघितली. गोलचा आरडाओरडा आणखी झाला नाही. दोन शून्य. दगडी चौक खालच्या गटात.

*

संध्याकाळी साडेसातला तालमीत बैठक होती. जर्सी जमा करायच्या होत्या. टेबलावर पहिल्यांदा गोलकीपरनं आणून ठेवली, मग बाकीच्यांनी. मल्लेश दारातच उभा होता. त्याची जर्सी अजून त्याच्या हातात होती, घामानं काळपट झालेली.

अमरसिंह उभा राहिला. तोंडावर रुमालाचा वळ अजून दिसत होता.

"आज आपण कोल्हापूरला दाखवून दिलं," तो म्हणाला. "दगडी चौक एकदा ठरवतो म्हणजे ठरवतो. आपला एकही माणूस आज आपल्या गॅलरीत नव्हता. बहिष्कार शंभर टक्के यशस्वी. फक्त एकानं शिस्त मोडली, आणि ती कुठं जाऊन मोडली हे मला सांगायला लाज वाटते. त्यानं आता आपणहून—"

"अमरसिंह," चन्नवीर जागेवरून म्हणाला, "तू खालनं तिसऱ्या पायरीवर हुतास."

"कोण? मी? शुद्धीवर हाय काय चन्नूअण्णा?"

"निळी टोपी. तोंडाला रुमाल. अकराव्या मिनिटाला गोल झाला, त्येच्यानंतर ऑफसाइडला डावा हात वर केलास. आणि सेकंड हाफला बुरजाची टीम आली तवा दोन टाळ्या वाजवल्यास. दोन. म्या मोजल्या." चन्नवीर उभा राहिला होता. आवाज चढत होता आणि त्याला तो आवरायचा नव्हता. "चौदा जण मोजलं म्या तिथं. गुरुप्रसाद सर, जिन्याजवळ हुता. पेपर उलटा हुता, तुमच्यासारख्या शिकल्या माणसाचा. चहावाल्या, तुझ्या बायकूची ओढणी वाळत घातलीस का न्हाय? झेंडेवाल्या, तुझ्या हातात झेंडा कुठला हुता, सांगू? सांगू का?"

"नको, अण्णा," झेंडेवाला खाली बघत म्हणाला. त्या दोन शब्दांनी सगळं उघडं पडलं.

मग एकच कालवा झाला. "तू हुतास म्हणून मी बसलो!" "तुझ्या आधी अर्धा तास मी आलतो!" "ठराव कुणी मांडला हुता?" "हात तर तू बी वर केलतास!" दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. अमरसिंह टेबलावर मूठ आपटत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

"चौदा!"

मल्लेशचा आवाज मोठा नव्हता, पण कॅप्टनचा होता. तालीम शांत झाली. तो टेबलापाशी आला.

"चौदा जण आलता. तिकीट काढून आलता. आणि त्यातल्या एकाला बी आपल्या गॅलरीत बसायचं धाडस झालं न्हाय? आम्ही तिथं कुत्र्याकडं बघून खेळलो, सर. माझा बॅक, एकोणीस वर्षांचा, हाफटाइमला मला विचारत हुता, 'आपण एवढं वाईट हाय काय?' काय सांगायचं त्याला मी? शिव्या द्यायच्या हुत्या तर द्यायच्या की! तोंडावर द्यायच्या! शिव्यांना कोण भितंय? आम्ही लहानपणापासनं शिव्याच ऐकत आलोय ह्यांच्या." त्यानं चन्नवीरकडं बोट केलं. "आणि तुम्ही, दोड्डप्पा. तुम्ही बी शहाणपणा सांगू नका. तुम्ही बी तिकडंच बसलावता. बोललात तर दुसऱ्या गोलनंतर."

"व्हय," चन्नवीर म्हणाला. "बसलोतो."

"एक माणूस दिसला तर न्हाय म्हणून कळवतो म्हणालोतो मी. आपल्या गॅलरीत कुत्रं सोडून कुणी दिसलं न्हाय."

मल्लेशनं जर्सी टेबलावरच्या ढिगावर ठेवली. चन्नवीरला वाटलं, झालं. पण तोंडातून जे निघालं ते तेच, जे आयुष्यभर निघत आलं होतं. "मग जा की. बघतोस काय?"

मल्लेशनं त्याच्याकडं बघितलं. भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी तोंडावर लाली चढली होती.

"जाऊ? म्हणजे सुटला की तुम्ही सगळं. उद्या चौकात बसून म्हणायला मोकळे, मल्ल्या गद्दार निघाला म्हणून टीम पडली. तुमचं सगळं पाप माझ्या बोकांडी." त्यानं ढिगावरची जर्सी परत ओढून घेतली. "न्हाय जाणार. हितंच खेळणार. खालच्या गटाच्या मॅचेस सकाळी सातला असत्यात, माळावर. गॅलरी न्हाय, पायरी न्हाय, सावली न्हाय. टोपी-रुमाल बांधून कुठं लपायचं हे बी शोधायला लागंल तुम्हाला. तिथं तुमच्या डोळ्यांदेखत हरणार मी, नायतर जिंकणार. बघायला कोण येतंय ते मी बघतो."

"हरलास तर तंगडं मोडीन," चन्नवीर म्हणाला.

"मोडा. पण तिथं येऊन मोडा."

तो जर्सी खांद्यावर टाकून निघाला. चन्नवीर त्याच्या मागोमाग तालमीची पायरी उतरला, घरापर्यंत दोन पावलं मागं चालत राहिला. दारात पोचल्यावर मल्लेश आत गेला आणि त्यानं कडी लावली नाही.